अर्जाने नव्हे, कराराने
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत विषयाचं बंधन नसतं, हे माझ्या पथ्यावर पडलं. आजचा विषय धड साहित्याचा नाही आणि धड विज्ञानाचाही नाही. तो व्यवहाराचा आहे. घरच्या आणि कचेरीतल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे लोक वाढत आहेत, पण त्यांना रोज लागणारी कितीतरी सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी निघतच नाहीत. फोटोशॉप नाही, ऑटोकॅड नाही, मायक्रोसॉफ्ट ऑफिस नाही. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या आणि करसल्लागारांच्या टेबलावरचं टॅलीही नाही. या निर्मात्यांचं मन वळवायचं कसं?

विनंत्या करून झाल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या, रागावून झालं. माझं म्हणणं असं आहे की सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला पहिल्या आवृत्तीची धास्ती नसते. तिच्यामागून येणाऱ्या दहा वर्षांच्या देखभालीची असते. ही धास्ती कमी केली की तो ऐकतो. तिच्याबद्दल अवाक्षर न काढता केलेला अर्ज, त्यावर कितीही सह्या असल्या तरी, तो बाजूला ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जे उभं राहिलं त्यानं पुढे सर्व्हरची बाजारपेठ काबीज केली. अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच गाभा आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरं काही नाही. मात्र टेबलावरच्या संगणकाचा किल्ला त्याला सर झाला नाही. संकेतस्थळांना भेट देणाऱ्या संगणकांची मोजदाद करणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत लिनक्सचा जागतिक वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये कुठे चार टक्क्यांच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे धडधाकट संगणक घराघरांत पडून राहिले आणि लिनक्सकडे वळणाऱ्यांत भर पडली. वाढ खरी आहे. तरीही निर्मात्याच्या नजरेतून चार टक्के म्हणजे शंभरातले चारच.

खेड्यात एसटी येत नाही कारण उतारू नाहीत, आणि उतारू नाहीत कारण एसटी येत नाही, तशी ही गाठ आहे. लोक सॉफ्टवेअर पाहून ऑपरेटिंग सिस्टिम निवडतात, आणि निर्माते लोक पाहून. अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी जे तथ्यनिष्कर्ष दिले, त्यांत ही गाठ फार स्वच्छ मांडलेली आहे. नव्या स्पर्धकापुढची खरी भिंत तंत्रज्ञानाची नसून अगोदरच लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरची आहे, असं त्यांनी म्हटलं. त्यासाठी त्यांनी दाखला घेतला आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमचा. आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी, निर्मात्यांना वळवायला कोट्यवधी डॉलर ओतलेले, आणि भरभराटीच्या काळात बाजाराचा दहा टक्के वाटा. तरी ओएस/२ साठी सुमारे २,५०० सॉफ्टवेअरं होती आणि विंडोजसाठी ७०,००० हून अधिक. दहा टक्क्यांवर आयबीएम हरली, मग चार टक्क्यांवर लिनक्सनं काय करावं? या प्रश्नाला उत्तर आहे, पण त्याआधी निर्मात्याची वही उघडून पाहू.

नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर नेणं, म्हणजे पोर्ट करणं, हा एकदाचा खर्च असतो. एखादा हुशार प्रोग्रॅमर काही महिन्यांत ते करतो, कधी हौसेनंही करतो. पुढे प्रत्येक नवी आवृत्ती दोनदा तपासावी लागते. मदतीसाठी फोन घेणाऱ्यांना दुसरी सिस्टिम शिकवावी लागते. छपाई, फाँट, ध्वनी, पडदा यांतलं काही बदललं की दुरुस्ती आली. लिनक्सवर तर हे ओझं आणखी वाढतं, कारण लिनक्स एक नाही. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशी वितरणं अनेक. कुठे डेब पॅकेज तर कुठे आरपीएम, आणि आतल्या सामायिक लायब्ररींच्या आवृत्त्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

याची सर्वांत बोचरी साक्ष खुद्द टॉरवाल्ड्स यांनी दिली. त्यांना स्कूबा डायव्हिंगचा छंद आहे. सूर मारल्याच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांनी २०११ मध्ये सबसरफेस नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. २०१४ मध्ये डेबियनच्या वार्षिक परिषदेत त्यांनी सांगितलं की सबसरफेसच्या तयार प्रती आम्ही विंडोजसाठी बनवतो, मॅकसाठी बनवतो, लिनक्ससाठी मात्र जवळजवळ बनवतच नाही, कारण प्रत्येक वितरणासाठी वेगळी प्रत बनवणं डोकेदुखी आहे. ज्याच्या नावानं ही सिस्टिम ओळखली जाते त्याची ही अवस्था असेल, तर हिशेब सांभाळणाऱ्या कंपनीला दोष कुठल्या तोंडानं द्यायचा?

आता, हौसेच्या बळावर जे आले त्यांचं काय झालं? कॅनडातल्या कोरेल कंपनीनं १९९८ मध्ये वर्डपरफेक्ट हे लेखनाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर आणलं, १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स वितरण काढलं. दोन वर्षांत कंपनी पैशांच्या अडचणीत सापडली, मायक्रोसॉफ्टनंच तिच्यात १३.५ कोटी डॉलर गुंतवले आणि लिनक्सचा विभाग विकला गेला. लोकी सॉफ्टवेअर ही अमेरिकेतली छोटी कंपनी विंडोजवरचे गाजलेले गेम लिनक्सवर आणून विकत असे. टाळ्या भरपूर मिळाल्या, विक्री मिळाली नाही, आणि जानेवारी २००२ मध्ये तिनं दार बंद केलं. लोकीच्या काळात सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकली. एकदाच लिहिलेला गेम अनेक सिस्टिमांवर चालवण्याचा खर्च ती कमी करते, म्हणून आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत. लोकीची पोर्ट केलेली उत्पादनं विस्मरणात गेली आणि पोर्ट करणं स्वस्त करणारं अवजार उरलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं.

हे फक्त लिनक्सवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. १९९७ मध्ये ॲपलनं नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणायचं ठरवलं. तिच्यासाठी निर्मात्यांनी आपली सॉफ्टवेअरं जवळजवळ नव्यानं लिहावीत, अशी अपेक्षा होती. अडोबीसारख्या मोठ्या निर्मात्यांनी नकार दिला. ॲपलनं भाषणं न देता पुढच्याच वर्षी कार्बन नावाची सोय जाहीर केली: जुना कोड थोडासा बदला, तो नव्या सिस्टिमवर चालेल. मग फोटोशॉपही आलं आणि ऑफिसही आलं. स्टीव्ह जॉब्ज यांच्यासारखा वाक्पटू माणूस निव्वळ वक्तृत्वानं जे करू शकला नाही, ते कामाचं ओझं उतरवल्यावर झालं.

आता ज्यांनी लिनक्सवर महागडी, बंदिस्त, व्यापारी सॉफ्टवेअरं आणवून दाखवली, त्यांच्याकडे वळतो. ते आहेत हॉलिवूडच्या दृश्यपरिणामांच्या धंद्यातले स्टुडिओ. नव्वदच्या दशकात हे स्टुडिओ सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या यंत्रांवर काम करत आणि ती यंत्रं युनिक्स कुळातल्या आयरिक्सवर चालत. साधे पीसी वेगवान झाले तशी ती यंत्रं परवडेनाशी झाली. स्टुडिओंच्या वर्षानुवर्षांच्या स्क्रिप्टा युनिक्सवरच्या होत्या, त्यामुळे विंडोजपेक्षा लिनक्स जवळचं. १९९७ च्या ‘टायटॅनिक’साठी डिजिटल डोमेन या स्टुडिओनं शंभरहून अधिक यंत्रं लिनक्सवर चालवून दृश्यं साकारली. स्टुडिओ मोजके होते, पण त्यांतला एकेक जण शेकड्यानं परवाने घेणारा. त्यांना काय हवं आहे हे निर्मात्यांना दिसत होतं. दृश्यपरिणामांच्या सॉफ्टवेअरांपैकी हूडिनी लिनक्सवर आलं, २००१ मध्ये माया आलं, पुढे न्यूक आलं. आज या क्षेत्रात लिनक्सवर न चालणारं उत्पादन मोठ्या स्टुडिओत विकणं अवघड जातं.

खरी शहाणपणाची गोष्ट त्यांनी नंतर केली. २०१४ पासून या क्षेत्रात दर वर्षी एक यादी निघते, तिला व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म म्हणतात. त्या वर्षी कंपायलर कुठला, पायथॉनची आवृत्ती कुठली, कुठल्या लायब्ररी कुठल्या आवृत्तीच्या, हे तिच्यात एकवाक्यतेनं ठरवलेलं असतं. ग्राहक आणि निर्माते दोघेही ती पाळतात. वितरणं पन्नास असोत, निर्मात्याला तपासायचं लक्ष्य एकच मिळतं. टॉरवाल्ड्स यांना भेडसावणारी अडचण या ग्राहकांनी कागदाच्या एका पानावर पुष्कळशी सोडवली. फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज या नव्या पॅकेज पद्धतींचा रोखही तोच आहे: एक प्रत बनवा, ती सगळीकडे चालावी.

दुसरा धडा गेमच्या दुनियेतला. स्टीम हे गेम विकणारं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांना २०१२ मध्ये विंडोज ८ चं आगमन संकट वाटलं, कारण त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. उद्या दुसऱ्याच्या जागेतलं आपलं दुकान बंद झालं तर? म्हणून २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन्स बाजारात आली आणि निर्मात्यांना सांगितलं गेलं, आता लिनक्ससाठी गेम बनवा. फारच थोड्यांनी मनावर घेतलं. यंत्रं पडून राहिली. व्हॉल्व्हनं मग मागणंच बदललं. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारा वाइन हा मुक्त प्रकल्प १९९३ पासून सुरू होता. त्याच्या आधारानं २०१८ मध्ये प्रोटॉन आलं. आता निर्मात्यानं काहीच बनवायचं नव्हतं. त्याचा विंडोजवरचाच गेम चालणार होता. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात मावणारं यंत्र आलं आणि निर्मात्याला तपासायला एक ठरावीक यंत्र मिळालं.

इथे जाणकार श्रोता मला अडवेल. ओएस/२ सुद्धा विंडोजची सॉफ्टवेअरं चालवत होती. म्हणूनच निर्मात्यांनी ओएस/२ साठी वेगळं लिहिलं नाही आणि ती बुडाली. मग प्रोटॉननं वेगळं काय होणार? आक्षेप बरोबर आहे. प्रोटॉन आल्यावर काही निर्मात्यांनी लिनक्ससाठीच्या स्वतंत्र आवृत्त्या सोडूनही दिल्या. तरी फरक आहे. आयबीएमकडे विंडोज ३.१ च्या पिढीपुरती सोय होती. विंडोज ९५ आलं, नवी सॉफ्टवेअरं त्याच्यासाठी लिहिली जाऊ लागली आणि ओएस/२ मागे राहिली. वाइन आणि प्रोटॉन यांचा कोड खुला आहे, त्यावर रोज काम करणारे पगारी लोक आहेत, आणि ग्राहक यंत्र विकत घेऊन त्या कामाचा खर्च भरून काढतात. पाठलाग थांबला नाही तर मागे पडायचं कारण नाही.

प्रोटॉननं निर्मात्याकडे करायची मागणी लहान केली, आणि ती किती लहान होऊ शकते हे गेममधली फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींनी दाखवलं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख प्रणालींनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनची सोय दिली. त्यानंतर अनेक गेमच्या निर्मात्यांकडे फक्त संमती मागायची उरली. काहींनी दिली. फोर्टनाइटवाल्यांनी दिली नाही, आणि त्यांची फसवणुकीबद्दलची काळजी खोटी म्हणता येत नाही. पण ‘आमच्यासाठी सॉफ्टवेअर बनवा’ आणि ‘आम्हाला अडवू नका’ या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि दुसरी आधी करायला हवी.

निर्मात्याच्या मनात आणखी एक शंका असते: लिनक्सवाले थोडे, आणि तक्रारी फार. एका गेमच्या निर्मात्यानं तसा अनुभव जाहीरपणे मांडलाही आहे. याच्या उलट २०२१ मध्ये ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या गेमच्या पोलिश निर्मात्यानं आपले आकडे दिले. विक्रीत लिनक्सवाले सहा टक्क्यांच्या आत, त्रुटींच्या नोंदींत मात्र ३८ टक्के. ऐकताना पहिल्या निर्मात्याला पुष्टी मिळाल्यासारखं वाटतं. पण त्या सुमारे ४०० नोंदींपैकी केवळ तीन त्रुटी लिनक्सपुरत्या होत्या. बाकीच्या सगळ्या विंडोजवाल्यांनाही छळत होत्या. त्यांनी त्या कळवल्या नव्हत्या एवढंच. पैशांचंही तसंच. २०१० मध्ये हवी ती किंमत देऊन गेम घेण्याची हंबल इंडी बंडल योजना आली, तेव्हा सरासरी सर्वांत जास्त रक्कम लिनक्सवाल्यांनी मोजली. गिऱ्हाईक थोडं आहे, पण पैसे मोजतं आणि दोष नेमका दाखवतं. मन वळवायला जाताना हे आकडे हातात असावेत.

आता आपल्याकडे या. मराठी छापखाने आणि प्रकाशनं वर्षानुवर्षं पेजमेकर आणि श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांवर चालली. ही साधनं विंडोजची, आणि त्यांतले जुने फाँट युनिकोडपूर्व. एका फाँटातला मजकूर दुसरीकडे नेला की अक्षरांचा चुथडा. मराठी लेखकाला आणि प्रकाशकाला विंडोजला जखडणारी साखळी ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती, मजकूर ज्या बंदिस्त सांकेतिक लिपीत साठवला होता तिची होती. युनिकोड रुजलं, लोहितसारखे मुक्त फाँट आले, जोडाक्षरं नीट मांडणारं हार्फबझ लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत पोहोचलं, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठी झाले. या कामात आपल्याकडच्या अनुवादकांचा आणि अभियंत्यांचा वाटा आहे. मजकूर मोकळा झाल्यावर तो कुठल्या सिस्टिमवर टंकायचा हा प्रश्न निम्मा सुटला. म्हणून कुठल्याही निर्मात्याकडे पहिली मागणी करायची ती ही: आमची माहिती आम्हाला उघड्या स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे.

सरकारनं काय केलं? सी-डॅकनं बॉस नावाचं भारतीय लिनक्स वितरण बनवलं. चांगलं काम, पण नुसतं वितरण दिल्यानं कचेरीतलं सॉफ्टवेअर बदलत नाही. केरळनं उलट्या टोकापासून सुरुवात केली. शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं, त्यासाठी शिक्षक तयार केले, पुस्तकं त्यानुसार लिहिली, आणि वापरणारी लाखो मुलं उभी केली. म्युनिक महापालिकेची कथा इशारा देणारी आहे. २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय होण्याआधी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर सुट्टी सोडून महापौरांना भेटायला धावले होते. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर गेले. तरी खात्याखात्यांची खास सॉफ्टवेअरं विंडोजवर अडकून राहिली, कुरबुरी साचल्या, सत्ता बदलली आणि २०१७ मध्ये महापालिकेनं परतीचा रस्ता धरला. एकट्या महापालिकेनं, कितीही मोठी असली तरी, सगळ्या निर्मात्यांना वळवणं जड जातं. स्टुडिओंना जमलं, कारण त्यांची मागणी एकसारखी होती आणि पुढे त्यांनी यादीही एकत्र केली.

एकत्र येण्याची सवय महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. इथे पतसंस्था आहेत, नागरी सहकारी बँका आहेत, साखर कारखाने, दूधसंघ, ग्रंथालयं, शिक्षणसंस्था आहेत. त्यांतल्या शंभरांचं काम सारखं आणि बरेचदा सॉफ्टवेअरही सारखं. प्रत्येक जण मात्र सॉफ्टवेअरचा करार एकटा करतो, एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे एकटा भरतो आणि तक्रारही एकटाच करतो. ऊस एकत्र घालणारे आपण, सॉफ्टवेअर मात्र सुटं सुटं विकत घेतो.

शंभर संस्थांनी मिळून एक पान ठरवावं. त्यावर चार गोष्टी असाव्यात. माहिती उघड्या स्वरूपात निर्यात होईल. ब्राउझरमध्ये चालणारा भाग फायरफॉक्स आणि क्रोममध्ये, कुठल्याही सिस्टिमवर, विंडोजच्या खास जोडणीशिवाय चालेल. ज्याला स्वतंत्र प्रोग्रॅम हवाच आहे तो एकाच वितरणासाठी मागेल, उदाहरणार्थ उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, जी दर दोन वर्षांनी येते आणि जिला पाच वर्षांचा नियमित आधार असतो. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: त्या आवृत्तीच्या देखभालीचा मोबदला करारात वेगळा लिहिलेला असेल, तो शंभर संस्था वाटून भरतील, आणि त्यांच्या पहिल्या पायरीच्या तक्रारी त्यांचाच एक नेमलेला माणूस चाळून पाठवील. अशा कागदाला नकार देणारी कंपनी असेलही, पण तिला निदान उत्तर द्यावं लागेल, कारण त्यात तिच्या खर्चाचा आकडा आणि उत्पन्नाचा आकडा शेजारी शेजारी आहेत.

इतकं करूनही विंडोज जाणार नाही, आणि जावं असा माझा हट्टही नाही. माझा आग्रह आहे निवड राहण्याचा. फोटोशॉप कदाचित येणार नाही. पण तुमच्या संस्थेची खतावणी, ग्रंथालयाची सूची, शाळेचे निकाल यांना वाट मिळू शकते, कारण ती सॉफ्टवेअरं बनवणारे लोक इथले आहेत आणि त्यांना तुमच्या शंभर सह्यांपेक्षा तुमचे शंभर धनादेश चांगले समजतात.

म्हणून शेवटी एवढंच सुचवतो. पहिलं पत्र कंपनीला लिहू नका. तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शेजारच्या संस्थेच्या सचिवांना लिहा आणि विचारा, तुमची एएमसी कुठल्या महिन्यात संपते?